झैदनं अम्रला मारलं, पण कुणासमोर?

रबीउल अव्वल जवळ आला की कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत जलशाची यादी बनू लागते. किरात कोण करणार, नात कोण म्हणणार, तकरीर कुणाची, बक्षिसं कुणाच्या हस्ते. अशा यादीत ‘अरबी नाटिका’ शिरली तर काय होईल? पुढचा वाद त्यावरचा आहे. वाद घालणारे दोघं कल्पित आहेत, पण त्यांच्या तोंडचे मुद्दे काल्पनिक नाहीत. मामू लखनौच्या नदवतुल उलमात शिकलेले, मदरशात अरबी शिकवता शिकवता केस पांढरे झालेले. भाची मुंबईत अरबी घेऊन एम.ए. झालेली. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धांच्या मागं धावलेली, आता दिवसा शाळेत आणि संध्याकाळी मोहल्ल्यातल्या मकतबमध्ये अरबी शिकवणारी.

मामू : कमिटीनं यादी माझ्याकडं पाठवली. सातव्या नंबरवर ‘अरबी नाटिका’. मी काट मारलेली नाही, पण सहीही केलेली नाही. आधी सांग, हे कशासाठी?

भाची : तुम्हाला ठाऊक आहे मामू. आपली पोरं कायदा संपवतात, मग पारा, मग दोन-तीन वर्षांत कुराण नाझरा पूर्ण होतं. घरात मिठाई वाटली जाते. त्याच दिवशी त्या पोराला विचारा, ‘मला पाणी दे’ अरबीत कसं म्हणायचं. आईच्या तोंडाकडं बघतो.

मामू : कुराणाची तिलावत ही इबादत आहे. पाणी मागता यावं म्हणून कुणी ती करत नाही. अर्थ कळला तर सोन्याहून पिवळं, पण कळला नाही म्हणून तिलावत वाया गेली असं कुणी आलिम म्हणणार नाही.

भाची : मीही म्हणत नाही. मी तिलावतीबद्दल बोलतच नाही. मी बोलतेय त्या तासाबद्दल, ज्याला आपण वेळापत्रकात ‘अरबी जबान’ म्हणतो. त्या तासाला काय होतं? ‘मीझान’ हे व्याकरणाचं पुस्तक उघडतो, पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसतात, पुढं-मागं झुलतात आणि एका सुरात गर्दान, म्हणजे क्रियापदाची रूपं, म्हणतात. उस्कुत, उस्कुता, उस्कुतू, उस्कुती, उस्कुता, उस्कुत्न. ‘गप्प बस’ची सहा रूपं. एका पुरुषाला, दोघांना, अनेकांना, एका बाईला, दोघींना, अनेक बायकांना. पोरं ती बिनचूक म्हणतात. आणि शेजारचा पोरगा बडबडायला लागला की त्याला कोकणीत दटावतात.

मामू : (हसून) त्यात गर्दानची चूक काय? गर्दान पक्की असेल तर पुढं पन्नास वर्षं उपयोगी पडते. आमच्या उस्तादांनी झोपेतून उठवून सीगा विचारला तरी उत्तर यायचं.

भाची : उत्तर यायचं, कारण प्रश्न उस्तादांचा असायचा. त्या सहा रूपांतली बाईला उद्देशून असलेली रूपं तुम्ही विद्यार्थिदशेत कधी कुणाला उद्देशून वापरली का? मुलांच्या मदरशात बाई नाही, दोघांना एकदम गप्प करायचा प्रसंग नाही. आता मी वर्गात काजीचा दरबार भरवते. एक पोरगा काजी. समोर तक्रार घेऊन आलेली बायको, तिचा नवरा, दोन साक्षीदार, शेजारणींचा घोळका. सगळे एकदम बोलायला लागतात. काजीनं बायकोला गप्प करायचं तर ‘उस्कुती’, नवऱ्याला ‘उस्कुत’, दोघांना मिळून ‘उस्कुता’, शेजारणींना ‘उस्कुत्न’. काजीनं शेजारणींना ‘उस्कुतू’ म्हटलं की त्या गप्प बसत नाहीत. नियमच आहे तसा, चुकीच्या रूपाला कुणी दाद द्यायची नाही. दोन दिवसांत जे पक्कं होतं, ते महिनाभर झुलून होत नाही.

मामू : वर्गात ना? मग कर की. वर्गातल्या काजीशी माझं भांडण नाही. तू त्याला मंडपात आणतेस, माइकसमोर उभा करतेस, तिथं माझं भांडण सुरू होतं.

भाची : मंडपात काय कमी नाट्य आहे? किरातीची स्पर्धा घेतो आपण. आवाज, श्वास, सूर, सगळ्याला गुण. खुतबा देणारा हातात काठी धरून मिंबरवर उभा राहतो. मोठ्या मदरशांच्या सालाना जलशात मुकालमा असतो. एक मुलगा नास्तिक होतो, दुसरा मुसलमान, आणि लिहून दिलेली सवाल-जवाबाची चकमक पाठ करून म्हणतात. तिथं कुणी फतवा मागत नाही.

मामू : मुकालम्यात दोघं आपल्याच कपड्यांत उभे असतात, आणि सगळ्यांना कळतं की पोरं धडा म्हणताहेत. सोंग वेगळं. सोंगात माणूस दुसराच कुणी असल्याचा भास निर्माण करतो. आणि किरातीचं म्हणशील तर स्पर्धेबद्दल आमच्यातल्या पुष्कळ उलमांना आजही खटकतं. सूर कुराणाच्या सेवेत हवा, कुराण सुराच्या नाही.

भाची : सोंगच म्हणता, तर हदीसे-जिब्रील घ्या. पांढरेशुभ्र कपडे, काळेभोर केस, अंगावर प्रवासाची एक खूण नाही, असा अनोळखी माणूस येतो. हुजूर सल्लल्लाहू अलैहि वसल्लम यांच्या गुडघ्याला गुडघा भिडवून बसतो आणि इस्लाम म्हणजे काय, ईमान म्हणजे काय, असे प्रश्न विचारतो. उत्तर मिळालं की ‘खरं बोललात’ म्हणतो. सहाबांना नवल वाटतं, विचारतोही हाच आणि पडताळतोही हाच. तो गेल्यावर हुजूर सांगतात, हे जिब्रील होते, तुम्हाला तुमचा दीन शिकवायला आले होते. उत्तरं माहीत असताना विद्यार्थ्याची भूमिका घेऊन प्रश्न विचारणं, याहून चांगला नाट्यप्रवेश कोणता?

मामू : दलील चतुर आहे, पण फरिश्त्याला अल्लाहनं दिलेलं रूप आणि पोरानं लावलेली खोटी दाढी यांत फरक राहू दे. एक गोष्ट मात्र तू नकळत बरोबर सांगितलीस. ज्यांच्यासाठी तो प्रवेश झाला, त्यांना एकूण एक शब्द कळत होता. ही गोष्ट लक्षात ठेव, मी तिच्याकडं परत येणार आहे.

भाची : या. तोवर मी तुम्हाला केरळात नेते. तिथं 1957 पासून राज्यभरच्या शाळांचा कलोत्सव भरतो. जानेवारी 2023 चा कोझिकोडला झाला, मी तो पाहून आले. त्यातच अरबी साहित्योत्सव असतो, तसाच संस्कृतोत्सवही. अरबी नाटक, एकपात्री, कथाप्रसंगम्, संभाषण, मुशायरा, कवितागायन. सरकारी शाळेत पहिलीपासून अरबी घेता येते आणि हिंदू, ख्रिश्चन घरांतली मुलंही घेतात. मलप्पुरममध्ये नंबुद्री घरातल्या एक बाई आयुष्यभर अरबी शिकवून निवृत्त झाल्या. एका रंगमंचावर ओप्पना नाहीतर दफमुट्टूसारखं लोकनृत्य, दुसऱ्यावर फुस्हा, म्हणजे प्रमाण ग्रांथिक अरबीतलं नाटक. आपल्याकडं राज्य नाट्य स्पर्धेत संस्कृत नाटकांचा वेगळा विभाग असतो. तिथं संस्कृत बोललं की भाषा जगवली म्हणतात, मग अरबी बोललं तर बिघडतं कुठं?

मामू : केरळचं मला कौतुक आहे. तिथल्या मातीत अरबी चारशे वर्षांपूर्वीच मुरलेली. कोझिकोडच्या काझी मुहंमदांची ‘मुहियुद्दीन माला’ 1607 ची, अरबी लिपीतली मल्याळम. त्रावणकोरात वक्कम मौलवींनी राजदरबारी खटपट करून शाळांत अरबी आणली. अरबी, उर्दू, संस्कृत शिक्षकांच्या नेमणुकांवर गदा येते म्हणून 30 जुलै 1980 ला मलप्पुरमला लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात तीन तरुण गेले. जिथं शिक्षकाच्या खुर्चीसाठी माणसं मरतात, तिथं भाषेला घर आहे. आपल्या मोहल्ल्यात काय आहे?

भाची : म्हणूनच तर तिथून शिकायचं!

मामू : मग पूर्ण शीक. कलोत्सवात ए ग्रेड मिळाली की परीक्षेत ग्रेस मार्क. विजेत्या जिल्ह्याला 117.5 पवन सोन्याचा चषक. निकालावर अपिलं होतात. ज्यांना परवडतं ते बाहेरून नाटक बसवणारा आणतात. पोरगा ‘या सय्यिदी’ म्हणत रंगमंचावर रडतो आणि खाली उतरल्यावर त्याच वाक्यातलं क्रियापद भूतकाळात करून दे म्हटलं तर त्याला येत नाही. तुझ्या गर्दानवाल्या पोपटापेक्षा हा पोपट वेगळा कसा? फक्त पिंजरा रंगवलेला.

भाची : पोपट झाला तर दोष बसवणाऱ्याचा. चाळीस ओळी पाठ करून घेतल्या की नाटक झालं, असं मानणारे मास्तर मराठी शाळांच्या स्नेहसंमेलनांतही पाहिलेत मी. माझ्या दरबारात संहिता अर्धीच असते. बायकोची तक्रार लिहिलेली, नवऱ्याचा बचाव त्यानं उभ्या उभ्या करायचा.

मामू : आणि नोव्हेंबर 2018 विसरलीस? त्याच कोझिकोड जिल्ह्याच्या स्पर्धेत ‘किताब’ नाटक पहिलं आलं. मशिदीत बांग देणाऱ्या माणसाची मुलगी, तिलाही बांग द्यावीशी वाटते. मल्याळममधलंच होतं, अरबी नव्हे. पण केवढं काहूर उठलं! शेवटी शाळेनंच नाटक मागं घेतलं. नाटक एकदा लोकांपुढं गेलं की भाषा राहते बाजूला, गावाची भांडणं त्यावर चढतात. उद्या तुझ्या नाटिकेतल्या काजीची दाढी कुणाला आपल्या इमामाची वाटली तर? मकतब बंद पडेल. पोरांची उरलीसुरली अरबीही जाईल.

भाची : ती भीती मला मान्य आहे, तिचा निष्कर्ष मान्य नाही. भांडण होईल म्हणून तोंडच उघडायचं नाही, तर तकरीरही बंद करावी लागेल. तकरिरींवरून काय कमी भांडणं झालीत? हद्दी मात्र मी आधीच आखल्यात. नबींपैकी कुणी पात्र म्हणून येणार नाही, सहाबा येणार नाहीत, कुराणाची आयत संवाद म्हणून कुणाच्या तोंडी नाही.

मामू : या हद्दी नव्या नाहीत. 1926 मध्ये इजिप्तचा नट युसुफ वहबी हुजूरांची भूमिका करणार अशी बातमी आली तेव्हा अझहर विद्यापीठानं विरोध केला आणि त्याला माघार घ्यावी लागली. मुस्तफा अक्कादनं 1976 मध्ये ‘द मेसेज’ काढला, तो अरबीत वेगळ्या नटांना घेऊन आणि इंग्रजीत वेगळ्या. पण हुजूर कुठंच दिसत नाहीत, त्यांचा आवाजही नाही. ते नसलेलं पात्र धरूनच सगळं रचलंय.

भाची : म्हणजे हद्द पाळूनही रचता येतं!

मामू : येतं. पण आता अझहरच्या देशातलीच दुसरी गोष्ट ऐक. तौफीक अल-हकीमचं ‘अहलुल कहफ’ 1933 चं. गुहेत झोपलेल्या माणसांची कुराणातली कथा, उंची फुस्हा भाषा. 1935 मध्ये इजिप्तच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेचं उद्घाटन त्याच नाटकानं झालं, आणि रंगमंचावर ते पडलं. वाचायला थोर, ऐकायला जड. पुढं हकीमनंच फुस्हा आणि बोलभाषा यांच्या मधली वाट शोधायची धडपड केली. अरबांच्याच कानाला फुस्हा रंगमंचावरून पेलत नाही, तर आपल्या रत्नागिरीकरांच्या काय पेलणार? कुवेतला गेलेला आपला पोरगा मदरशाची फुस्हा बोलला की तिथला दुकानदार हसतो. त्याला वाटतं, बातम्या वाचतोय.

भाची : त्याच कुवेतमधून 1979 मध्ये ‘इफ्तह या सिमसिम’ सुरू झालं. अमेरिकी ‘सेसमी स्ट्रीट’चा अरबी अवतार. मोठ्या बाहुल्या, गाणी, विनोद आणि भाषा सोपी केलेली फुस्हा. आखातापासून पार पश्चिमेकडच्या अरब देशांपर्यंत एका पिढीनं ते पाहिलं. घरी वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या मुलांना फुस्हा प्रथम हसताना ऐकू आली ती तिथं. हकीमचं नाटक पडलं ते फुस्हामुळं की तत्त्वज्ञान ठासून भरल्यामुळं? बाहुलीच्या तोंडची फुस्हा कुणाला जड गेली नाही.

मामू : सोपी फुस्हा जड जात नाही, हे मला तुझ्या आधीपासून ठाऊक आहे. अली मियाँनी, म्हणजे मौलाना अबुल हसन अली नदवींनी, ‘कससुन्नबिय्यीन’, म्हणजे नबींच्या गोष्टी, लिहिली ती याचसाठी. छोटी वाक्यं, तेच शब्द पुन्हा पुन्हा, सवाल-जवाब. मूर्ती कुणी फोडल्या, कोण काय म्हणालं, पोरगं पान उलटत राहतं. त्याला रंगमंच लागत नाही.

भाची : कारण अली मियाँनी रंगमंच पुस्तकातच घातलाय. आणि मामू, दर्से-निझामीत, आपल्या मदरशांच्या अभ्यासक्रमात, शतकानुशतकं जे पुस्तक आहे, त्याचं काय? बसऱ्याच्या हरीरीच्या ‘मकामात’चं? पन्नास मकामे. दर मकाम्यात अबू झैद सरूजी नवं सोंग घेतो. कधी फकीर, कधी वाइझ, कधी फसवला गेलेला नवरा. लोकांना भाषेच्या जोरावर भुलवतो, पैसे घेतो आणि निसटतो. गोष्ट सांगणारा हारिस बिन हम्माम दर वेळी त्याला शेवटी ओळखतो. सोंग वाईट, तर नऊशे वर्षं हा सोंगाड्या मदरशात कसा राहिला?

मामू : (बराच वेळ न बोलता) हरीरीचं नाव तू काढशील असं वाटलं होतं, पण इतक्या उशिरा नाही.

भाची : माझा काजीचा दरबार तिथलाच आहे. इस्कंदरियाचा मकामा. बायको काजीपुढं रडते. लग्नाच्या वेळी यानं माझ्या माणसांना सांगितलं, मी मोती ओवून विकतो. लग्नानंतर यानं माझंच किडुकमिडुक विकून खाल्लं, आता घरात मूल उपाशी आहे. नवरा उठतो आणि असा बोलतो की काजी विरघळतो. माझे मोती म्हणजे माझे शब्द, मी ते ओवत होतो, आज त्यांना गिऱ्हाईक नाही! काजी दोघांच्या हातावर पैसे ठेवतो. ते गेल्यावर कळतं, नवरा-बायकोनं मिळून बनवलं. अरबी चांगली असेल तर काजीसुद्धा फसतो. भाषा शिकणाऱ्या पोरापुढं याहून चांगली लालूच कोणती?

मामू : मकामा छान निवडलास. पण हरीरीची भाषा पोरांच्या तोंडी देऊ नकोस. ते यमकांचं, जडजवाहिरानं मढवलेलं गद्य. अली मियाँनी ‘मुख्तारात’ संपादित केलं तेच मुळी त्या कृत्रिम गद्याला उतारा म्हणून. कथा हरीरीची घे, भाषा ‘कसस’ची ठेव.

भाची : म्हणजे तुम्ही सही करताय?

मामू : थांब. आता मी परत येतो म्हटलं होतं तिथं येतो. जलशाला मंडपात कोण असतं? मुलांचे आईबाप, कमिटी, शेजारच्या गावची पाहुणे मंडळी. त्यांतल्या किती जणांना अरबी वाक्य कळतं?

भाची : कळत नाही. पण अभिनयावरून...

मामू : अभिनयावरून गोष्ट कळेल, भाषा नाही. ‘झरबा झैदुन अम्रन.’ हजार-बाराशे वर्षं नह्वच्या, म्हणजे व्याकरणाच्या, किताबांत झैद अम्रला मारतोय. एराब, म्हणजे शब्दाच्या शेवटचा विभक्तीचा स्वर, बदल, ‘झरबा झैदन अम्रुन’ म्हण. शब्दांचा क्रम तोच, पण आता मार झैदला बसतो. सगळा खेळ शेवटच्या स्वराचा. तुझा पोरगा माइकवर एराब चुकला तर मंडपात कोण हलणार? टाळ्या तेवढ्याच पडतील. बापाच्या डोळ्यांत पाणी येईल, मोबाइलवर शूटिंग होईल, आणि पोराला त्या दिवशी पक्कं समजेल की अरबी चुकली तरी चालते. काजीच्या चुकीच्या ‘उस्कुतू’वर न हलणाऱ्या तुझ्या शेजारणी, तोच तुझ्या शिकवण्याचा जीव आहे. जलशात त्या शेजारणी नसतात. आमच्याकडं रिया म्हणतात ना, लोकांना दाखवण्यासाठी केलेलं काम? मला रियाची भीती आहेच. पण न कळणाऱ्यांना दाखवणं म्हणजे रियाही धड नाही.

भाची : (थांबून) हे मला खोडता येत नाही.

मामू : केरळच्या स्पर्धेत निदान समोर अरबी जाणणारे परीक्षक असतात. आणि गोंतोरबद्दल वाचलंयस?

भाची : जावातलं. पोनोरोगोजवळचं, 1926 मध्ये तीन भावांनी काढलेलं निवासी विद्यालय. मीच सांगणार होते. वरच्या वर्गांची पोरं दर वर्षी मोठमोठे नाट्यप्रयोग करतात, आठवड्याला भाषणांची बैठक असते, अरबीत, इंग्रजीत.

मामू : आणि खोलीत, जेवणघरात, मैदानावर, नव्या पोराला काही महिने मुभा दिली की त्यानंतर मातृभाषेला बंदी. एखादा इंडोनेशियनमध्ये बोलला की त्याचं नाव जाणार. नाव कोण देतं? चुकलेल्या पोरालाच ‘जासूस’ नेमतात, दुसऱ्या चुकणाऱ्यांना हेरायला. शिक्षा मला पसंत नाही, पण हिशेब बघ. तिथं नाटक शेवटी येतं. आधी ऐकणारे हजारो कान तयार होतात. तू कान तयार नसताना तोंडं तयार करायला निघालीस.

भाची : मग सातवा नंबर काढा.

मामू : काढतो. त्या बदल्यात जुमेरातीचा शेवटचा तास तुला. मकामे वर्गात उभे कर, दर आठवड्याला नवा प्रसंग. पाठांतर अर्ध्याहून जास्त नाही. जे अभिनय करत नाहीत, त्यांच्या हातात एराब पकडायचं काम. प्रत्येकाला सगळी कामं आळीपाळीनं. कलोत्सवासारखं हुशार आठ जण पुढं आणि बाकीचे टाळ्यांना, असं नको.

भाची : कबूल. पण माझीही एक अट. कान तयार करायचे म्हणता, तर फक्त पोरांचे का? त्यांच्या आयांचा वर्ग सुरू करते. दुपारी तीन ते चार, ‘कससुन्नबिय्यीन’चा पहिला भाग. दोन वर्षांनी मंडपात बायकांच्या बाजूला अशा चाळीस जणी बसलेल्या असतील की एराब चुकला तर एकमेकींकडं बघतील. तेव्हा सातवा नंबर परत घालायचा.

मामू : आया... (विचार करून) त्यांना एराब कळला तर पोरांची खैर नाही. ठीक. दोन वर्षांनी.

भाची : आणि इस्कंदरियाच्या मकाम्यातली बायको?

मामू : तिचं काय?

भाची : पुरुषानं बाईचा वेश घेण्याला हदीसमध्ये सक्त मनाई आहे, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. महाराष्ट्र बालगंधर्वांवर पोसला, पण आपल्याला ती वाट बंद. आणि बाईचं पात्र काढून टाकलं तर ‘उस्कुती’ कुणाला म्हणायचं? म्हणजे बायकोचं काम मुलीनंच करायचं. ही वाट मी शोधलेली नाही मामू, तुमच्याच मसल्यातून निघालीय.

मामू : बारा वर्षांपर्यंतच्या मुली. वर्गात.

भाची : आणि तेराव्या वर्षी तिची अरबी कुठं जाते?

मामू : ती घरी वाचेल, आईच्या वर्गाला येईल. रंगमंच हा वेगळा प्रश्न आहे. त्यावर माझं मत बदललेलं नाही.

भाची : माझंही नाही. जी मुलगी बाराव्या वर्षी काजीला शब्दांत पकडते, तिला तेराव्या वर्षी पडद्याआडून ऐकायला बसवायचं आणि वर म्हणायचं की भाषेला ऐकणारा लागतो. मग त्या मुलीचं कोण ऐकणार?

मामू : यावर आता नको. दोन वर्षांनी, यादी आली की भांडू.

भाची : अरबीत भांडायचं?

मामू : अरबीत. आयांच्या वर्गासमोर. एराब चुकेल तो हरला.